एकीचे मत, दुसरीची वेठ

महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या मताधिकाराचा इतिहास सांगायला घेतला की तो सहसा मुंबई-पुण्याच्या बाहेर पडत नाही. १९१७ चे शिष्टमंडळ येते, हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन यांची विलायतवारी येते, रमाबाई रानड्यांनी उभी केलेली चळवळ येते, आणि १९२१ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलने मतदार होण्याच्या आड येणारी स्त्रीत्वाची अट काढून टाकली, इथे प्रकरण संपते. हा इतिहास खरा आहे आणि अभिमानाचाही आहे. पण त्याच मुंबईहून रेल्वेने सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या डहाणूत उतरून, पूर्वेला तलासरीच्या पाड्यांकडे वळून पाहिले, तर १९२१ च्या त्या ठरावाने तिथल्या वारली बाईच्या आयुष्यात तसूभरही फरक पडला नव्हता. ती मतदार झाली नाही, आणि होण्याची शक्यताही निर्माण झाली नाही. तिचे मत कुठून आले हे शोधायचे तर कौन्सिलचे दिवाणखाने सोडून शेताच्या बांधावर आणि गवताच्या माळावर जावे लागते. माझे म्हणणे असे की महाराष्ट्रातल्या स्त्री-मताधिकाराच्या लढ्याचा अर्धा भाग १९४५ मध्ये या दोन तालुक्यांत लढला गेला. ‘मत’ हा शब्द त्या लढ्याच्या मागण्यांत नव्हता, म्हणून आपण तो त्या खात्यावर मांडला नाही.

आधी पहिल्या अर्ध्याचे श्रेय नीट दिले पाहिजे. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यू आणि व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना भेटले. येऊ घातलेल्या सुधारणांत ‘लोक’ म्हटले जाईल तेव्हा त्यात बायकाही धराव्यात, असा त्यांच्या निवेदनाचा मथितार्थ होता. पुढच्याच वर्षी मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या विशेष अधिवेशनाने या मागणीला पाठिंबा दिला. पण मताधिकाराचे नियम ठरवायला नेमलेल्या साउथबरो समितीने सांगून टाकले की हिंदुस्थानची सामाजिक परिस्थिती अजून त्या लायक नाही; पडद्यातल्या बायका मतदानकेंद्रावर येणार कशा? या नकारावर दाद मागायला हिराबाई आणि मिठन १९१९ मध्ये इंग्लंडला गेल्या, पार्लमेंटच्या समितीपुढे बाजू मांडली, सभा घेतल्या, पत्रके वाटली. ब्रिटिश सरकारने मग एक चतुर पळवाट काढली: आम्ही देत नाही, पण प्रांतांच्या कौन्सिलांना द्यायचे असेल तर त्यांनी ठरवावे. मद्रास आणि मुंबई या दोन्ही प्रांतांनी १९२१ मध्येच तसे ठरवले. खुद्द इंग्लंडात स्त्रियांनी त्यासाठी तुरुंगवास आणि उपोषणे सोसली होती; इथल्या निवडून आलेल्या पुरुषांनी मात्र तुलनेने फार खळखळ न करता हात वर केले. यामागे उदारपणा होता यात शंका नाही, पण हे हात वर करणे स्वस्तात पडणारे होते हेही खरे.

स्वस्तात, कारण मतदार व्हायला आधी मालमत्ता लागत होती. १९१९ च्या कायद्याखालच्या नियमांनुसार ठाण्यासारख्या जिल्ह्यात ग्रामीण मतदार होण्यासाठी किमान ३२ रुपये शेतसारा असलेली जमीन धारण करावी लागे. ‘पुरुषांना ज्या अटींवर मत आहे त्याच अटींवर आम्हालाही द्या’ अशी स्त्रियांची मागणी होती, आणि ती न्याय्य होती. पण त्या अटी पुरुषांतल्याही बहुसंख्यांना बाहेर ठेवणाऱ्या होत्या. बायकांच्या नावावर जमीन असणे तर त्याहून दुर्मिळ. तेव्हाच्या हिंदू कायद्यात मुलीला वडिलांच्या जमिनीत वाटा नव्हता आणि विधवेचा हक्क तिच्या हयातीपुरता. म्हणजे चाळण तीच राहिली, फक्त तिच्यावरची ‘बायकांना मज्जाव’ ही पाटी काढली. डहाणूच्या पूर्वपट्टीत तर प्रश्नच नव्हता. तिथली जमीन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सावकारांच्या, दारूच्या मक्तेदारांच्या आणि जमीनदारांच्या हाती जात गेली होती. जो वारली कधीकाळी ती जमीन कसून तिचा धनी होता, तो आता तिच्यावर कूळ किंवा नुसता गडी होता. त्याच्याच नावाने ३२ रुपये सारा भरला जात नव्हता, तर त्याच्या बायकोच्या नावाने कुठून जाणार?

१९३० च्या दशकात मताधिकार वाढवायची चर्चा पुन्हा सुरू झाली तेव्हा दोन वाटा समोर होत्या. एक वाट सरसकट प्रौढ मताधिकाराची. डॉ. आंबेडकर ती १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून सायमन कमिशनपुढे आणि नंतर गोलमेज परिषदेत ठामपणे मांडत होते, नेहरू अहवालाने ती मान्य केली होती, आणि स्त्रियांच्या अखिल भारतीय संघटनांनीही पुढे तीच धरली. दुसरी वाट होती जुन्या चाळणीची भोके थोडी मोठी करण्याची. सरकारने अर्थातच दुसरी निवडली. १९३५ च्या कायद्याने मालमत्तेची अट सैल केली, साक्षर स्त्रीला मत दिले आणि त्यासोबत एक विलक्षण तरतूद आणली: विशिष्ट मालमत्ता असलेल्या पुरुषाची बायको ही, बायको आहे म्हणून, मतदार होईल. स्त्रियांच्या संघटनांनी याला कडाडून विरोध केला. नागरिक म्हणून नव्हे तर कुणाच्या तरी पत्नी म्हणून मिळालेले मत आम्हाला नको, असा तो विरोध होता. तरी तरतूद राहिली. देशभरातल्या स्त्री-मतदारांची संख्या साठ लाखांच्या आसपास गेली आणि १९३७ च्या निवडणुका झाल्या. मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. त्यांपैकी ६ स्त्रियांसाठी आणि १ मागास प्रदेश व जमातींसाठी. दोन्ही वर्णनांत बसणाऱ्या वारली बाईचा विचार या बेरजेत कुठे होता हे मला तरी सापडत नाही. डहाणू आणि तेव्हाचा उंबरगाव हे तालुके याच सुमारास ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ म्हणून जाहीर झाले होते. (आजचा तलासरीचा मुलूख तेव्हा उंबरगावात मोडत असे, १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी इकडे राहिली.) वगळलेले म्हणजे, इथे प्रांतिक कायदा लागू करायचा की नाही हे गव्हर्नर ठरवणार.

आता या ‘बायको म्हणून मत’ तरतुदीशेजारी डहाणूतले लग्न ठेवून पाहावे. वारल्यांत नवऱ्याकडून मुलीकडच्यांना देज द्यायची रीत. लग्न लावते ती धवलेरी. तिच्या गाण्याशिवाय आणि सवासिणींनी भिंतीवर लिहिलेल्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. कुठल्याही भटाची गरज नसलेला, बायकांच्या हाती मुख्य विधी असलेला हा समाज. विधवेला पुन्हा घर मांडता येत होते, नवरा सोडताही येत होता. पांढरपेशा पुण्यात ज्या सुधारणांसाठी दोन पिढ्या झगडत होत्या त्यांतल्या कित्येक इथे रिवाजातच होत्या. पण देज आणि लग्नाची जेवणावळ यांना पैसा लागे, आणि पैसा एकाच घरी होता. सावकार शंभर-दोनशे रुपये द्यायचा आणि त्या बदल्यात नवरा त्याचा लग्नगडी व्हायचा. कर्ज फिटेपर्यंत त्याने मालकाकडे राबायचे, आणि त्याच्याबरोबर नव्या नवरीनेही. हिशेब मालकाकडे, अंगठा गड्याचा. तेव्हा कर्ज फिटत नसे, ते पोरांवर जात असे. १९३७ च्या निवडणुकांनंतर आलेल्या खेर मंत्रिमंडळाच्या काळात डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने या भागाची पाहणी करून सरकारला अहवाल दिला. वेठ, मारहाण, लग्नापायी आलेली ही गुलामी आणि मालकांकडून बायकांची होणारी विटंबना, सगळे त्यात नोंदले आहे. लाल बावट्याचा कुणी माणूस तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी सरकारी माणसाने लिहून ठेवलेले, म्हणून या अहवालाचे वजन अधिक. एकाच प्रांतात, एकाच दशकात, लग्नामुळे एकीला मत मिळत होते आणि दुसरीच्या वाट्याला वेठ येत होती. पहिलीचा नवरा जमीनधारक होता म्हणून. दुसरीचा नवरा त्या जमीनधारकाचा गडी होता म्हणून.

गोदावरी परुळेकर या गोष्टीत येतात त्या इथे. जन्म १९०७, पुण्यातल्या गोखल्यांच्या सुखवस्तू घरात, कायद्याची पदवी, भारत सेवक समाजाचे काम, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रौढ साक्षरतेची मोहीम. साक्षर बाईला मत असण्याच्या त्या दिवसांत साक्षरतेचा वर्ग चालवणे म्हणजे एका अर्थी मतदार घडवणेच होते, आणि त्या वाटेने गेल्या असत्या तर गोदूताई आज पहिल्या इतिहासात मानाने बसल्या असत्या. त्यांनी वाट बदलली. कम्युनिस्ट पक्षात गेल्या. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातून विधिमंडळात गेलेल्या शामराव परुळेकरांशी लग्न केले. युद्धविरोधी चळवळीत तुरुंगात गेल्या. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्राच्या किसान सभेची परिषद भरली, तिथे उंबरगावकडचे काही वारली आले होते. त्यांच्या सांगण्यावरून परुळेकर दांपत्य त्या भागात गेले, आणि २३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची परिषद झाली. पाचेक हजार माणसे जमली. ठरले ते थोडक्यात असे: वेठ करायची नाही, मालकाच्या शेतावर जायचे तर रोजाला बारा आणे घ्यायचे, आणि मालकाने हात उगारला तर सगळ्यांनी मिळून उभे राहायचे. त्या पावसाळ्यात पाड्यापाड्यांतून माणसे निघाली आणि मालकांच्या वाड्यांवर जाऊन लग्नगड्यांना आणि त्यांच्या बायकांना सोडवून आणू लागली. पिढ्यानपिढ्यांची प्रथा काही महिन्यांत मोडली. कायदा तेव्हाही वेठीच्या विरोधात होता. पण कायदा पुस्तकात होता आणि मालक दारात.

मग पाऊस संपला आणि गवतकापणीचा हंगाम आला. या भागातले गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई आणि त्यावर व्यापारी व जमीनदार गबर होत. वारल्यांनी पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मागितले आणि विळे खाली ठेवले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला हजारो माणसे जमली. गोदूताईंची सभा आहे अशी खोटी हूल उठवून मालकांच्या बाजूनेच ती जमवली गेली, असे किसान सभेचे म्हणणे. पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मेले. पुढच्या वर्षी जंगलकामाच्या मजुरीसाठी पुन्हा संप झाला, परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले, जानेवारी १९४७ मध्ये नाणिवलीलाही गोळीबार झाला. या सगळ्याची गोदूताईंनी लिहिलेली हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या नावाने १९७० मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी वाचकाला पुस्तक ठाऊक असते. त्याची गणना मात्र शेतकरी चळवळीच्या किंवा आत्मकथनांच्या कपाटात होते, मताधिकाराच्या नव्हे.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल, आणि ती हरकत वजनदार आहे. वारल्यांनी मत मागितले कुठे? त्यांनी मजुरी मागितली, वेठ नाकारली. मत त्यांना १९५० च्या घटनेने दिले, देशातल्या इतर सर्वांना दिले तसेच. ते देणारे अनुच्छेद ३२६ झरीच्या परिषदेमुळे लिहिले गेले नाही. हे सगळे मान्य. पण मत म्हणजे नक्की काय याचा आपण किती उथळ अर्थ लावतो, ते या हरकतीतून उघड होते. मतदार होण्याआधी माणसाला चार गोष्टी जमाव्या लागतात: मालकाला न विचारता घराबाहेर पडणे, दहा जणांत बसून एखाद्या प्रश्नावर आपला कौल देणे, तो कौल मालकाच्या मर्जीविरुद्ध असला तरी त्यावर टिकणे, आणि दुसऱ्या दिवशी त्याची शिक्षा म्हणून उपाशी न मरणे. लग्नगड्याच्या बायकोला यातले काहीही शक्य नव्हते. तिला १९४४ मध्ये कुणी मतपत्रिका दिली असती तर ती मालकाच्या घरातच भरली गेली असती. १९४५ च्या पावसाळ्यात जे घडले त्याने या चारही गोष्टी तिच्या आवाक्यात आणल्या. झरीला हात वर करणाऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका सार्वजनिक प्रश्नावर मत दिले होते, आणि पाच महिन्यांनी तलवाड्याला त्या मताची किंमतही मोजली. शिवाय, घटनेने मत ‘दिले’ ही भाषाही जरा जपून वापरावी. सरसकट मताधिकार ही मागणी वीस वर्षे लढवली गेली होती, आणि देशभरातल्या अशा उठावांनी अडाणी, भूमिहीन माणूस राज्यकारभाराच्या प्रश्नावर विचार करू शकतो याचा पुरावा घटनाकारांपुढे ठेवला होता.

दुसरी हरकत अशी की हे सगळे बाहेरून आलेल्या, पुण्याच्या ब्राह्मण बाईने घडवले. यातली पहिली अर्धी गोष्ट खरी आहे. गोदूताई नसत्या तर कदाचित परिषद झरीला नसती झाली. पण टिटवाळ्याला माणसे झरीकडून गेली होती, उलटे नव्हे. आणि हद्दपारीनंतर पुढारी जिल्ह्यात पाऊल ठेवू शकत नसताना संप चालले, ते कुणी चालवले? मला यात एक वेगळी गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. एका शिकलेल्या मध्यमवर्गीय बाईचे १९३० च्या दशकात राजकीय हक्कांचे जे भांडवल होते, ते तिने स्वतःच्या वर्गातल्या बायकांच्या जागा वाढवायला वापरले असते तरी कुणी नावे ठेवली नसती. तिने ते वारल्यांच्या पाड्यांवर खर्च केले.

मग आली मतदारयादी. १९४८ पासून देशभर घरोघर जाऊन नावे लिहिली जाऊ लागली आणि अधिकाऱ्यांना एक पेच पडला: कित्येक बायका स्वतःचे नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली की नाव नाही तर नोंद नाही, आणि देशातल्या सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळपास २८ लाखांची नावे गळाली. ही गळती मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश या भागांतली. मुंबई राज्यात तो प्रश्न एवढा नव्हता. सेन यांचा निर्णय त्या वेळी कठोर वाटला असेल, पण १९३५ च्या कायद्याने जी बाई ‘पत्नी’ म्हणून आत घेतली होती तिला या यादीने स्वतःच्या नावाने यायला सांगितले. साक्षरतेची अट कशी ओलांडली तेही पाहण्याजोगे आहे. पहिल्या दोन निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी आणि पेटीवर त्याचे चिन्ह असे. मतदाराने कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. वाचता न येणाऱ्यांना राज्यकारभारातले काय कळणार, हा शंभर वर्षांचा युक्तिवाद एका चित्राने निकालात निघाला. भिंतीवर तांदळाच्या पिठाने अख्खे जग चितारणाऱ्या बायकांना तर चित्र वाचायला कुणी शिकवायची गरज नव्हती. १९५७ मध्ये ठाणे मतदारसंघातून शामराव परुळेकर लोकसभेवर निवडून आले. त्या विजयात संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेचा वाटा मोठा होता, हे विसरून चालणार नाही. पण दहा वर्षांपूर्वी ज्याला सरकारने जिल्ह्याबाहेर काढले होते, त्याला त्याच जिल्ह्याने दिल्लीला पाठवले.

बायकोचे मत म्हणजे नवऱ्याचेच दुसरे मत, हा आक्षेप साउथबरो समितीच्या काळापासून ऐकू येतो आणि आता तो ‘सरपंचपती’ या रूपात येतो. महाराष्ट्रात पंचायतींत स्त्रियांना आधी ३० टक्के, १९९३ नंतर एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा राखीव आहेत. तरी कारभार नवराच पाहतो, असे म्हटले जाते. असे घडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या आक्षेपात एक गोम आहे. पुरुषाचे मत जातीच्या पुढाऱ्याच्या, ठेकेदाराच्या किंवा बाटलीच्या सांगण्यावरून पडते, तेव्हा पुरुषांचा मताधिकार काढून घ्यावा असे कुणी सुचवत नाही. परावलंबन हा हक्क नाकारण्याचा आधार फक्त बायकांच्याच बाबतीत होतो. दुसरे असे की आपल्या कायद्याने यावर काही उतारे शोधले आहेत आणि ते दुर्लक्षित राहिले आहेत. ग्रामसभेआधी फक्त बायकांची सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या पंचायत कायद्यात आहे. डहाणू-तलासरी अनुसूचित क्षेत्रात येत असल्याने १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालचे राज्याचे २०१४ चे नियम इथे लागू आहेत, आणि त्यांनी ग्रामसभेला गावाच्या साधनसंपत्तीवर बोलायचा अधिकार दिला आहे. म्हणजे इथल्या बाईकडे पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या मताखेरीज आणखी एक मत आहे, हात वर करून द्यायचे, झरीसारखे. ते किती मानले जाते, हा प्रश्न वेगळा. डहाणूजवळच्या वाढवण बंदराविरुद्ध किनाऱ्यावरच्या अनेक गावांनी ग्रामसभांचे ठराव केले, मासळी विकणाऱ्या बायका रस्त्यावर उतरल्या, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी बंदराची पायाभरणी झालीच. बंदर हवे की नको यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण विचारलेल्या कौलाचे उत्तर वाचायचेच नसेल तर विचारायचे कशाला?

या मताने मिळवले काय, असे विचारणाऱ्याला माझे उत्तर जमिनीचे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात एक छोटे कलम आहे: विवाहित दावेदाराला मिळणारा वनजमिनीचा हक्क नवरा आणि बायको दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवावा. हक्काच्या दाव्यावर निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेला हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असल्याच पाहिजेत, असा नियम २०१२ मध्ये स्पष्ट झाला. १९२१ मध्ये जमीन असेल तर मत, असा क्रम होता. इथे तो उलटला: मत असलेल्या, पण जमीन नसलेल्या माणसांनी निवडणुकांत आणि रस्त्यावर रेटा लावला आणि जमीन नावावर करायला लावली, बायकोच्या नावासकट. अर्थात कायदा झाला म्हणजे पट्टा हातात आला असे नाही. दावे फेटाळले गेले, कसत असलेल्या क्षेत्रापेक्षा कमी क्षेत्र मंजूर झाले, आणि म्हणूनच मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये वनजमीन ही आघाडीची मागणी होती. त्या मोर्चातल्या बायकांच्या सोललेल्या तळपायांची छायाचित्रे शहरातल्या वर्तमानपत्रांनी छापली. त्या बायका करुणा मागायला आल्या नव्हत्या, कागद मागायला आल्या होत्या, हे मथळ्यांत जरा कमी आले.

राहिलेला हिशेबही मोठा आहे, आणि तो याच तर्काने तपासता येतो. २०२३ च्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवल्या आहेत, अनुसूचित जमातींसाठी राखीव जागांतही. डहाणू विधानसभा आणि पालघर लोकसभा दोन्ही तशा राखीव आहेत. पण ती दुरुस्ती जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांना बांधलेली आहे. त्याहून जवळचा प्रश्न वेळापत्रकाचा आहे. दिवाळी झाली की या भागातली हजारो कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, रेतीच्या कामाला निघतात, कुणी भिवंडी-वसईकडे, कुणी गुजरातेत, आणि पावसाच्या तोंडावर परततात. जाण्याआधी भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते. आजारपणासाठी, पावसाळ्यात खाण्यासाठी आणि बऱ्याचदा लग्नासाठी. उचल फिटेपर्यंत जोडप्याने भट्टीवर राबायचे. वेठबिगार रद्द करणारा कायदा १९७६ चा आहे, तरी कातकऱ्यांसारख्या जमातींत असे प्रकार उघडकीला येत राहतात. पालघरमध्ये २०२४ ची लोकसभा २० मे रोजी झाली आणि विधानसभा २० नोव्हेंबर रोजी. दोन्ही तारखा स्थलांतराच्या हंगामातल्या. टपाली मतदान सैनिकाला आहे, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्याला आहे, वृद्धांना घरबसल्या मत देण्याची सोय आहे. भट्टीवरच्या बाईला तिचे मत फक्त तिच्या गावच्या केंद्रावर आहे, आणि तिथे जायचे तर दोन दिवसांची मजुरी बुडवून, मालकाची परवानगी घेऊन. निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये देशांतर्गत स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानयंत्राचा नमुना पक्षांपुढे ठेवला होता. बहुतेक विरोधी पक्षांनी शंका काढल्या, त्यांतल्या काही रास्तही होत्या, आणि विषय तिथेच थांबला. यंत्राशिवायही करता येण्यासारखे बरेच आहे: भट्टीमालकाला मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देणे कायद्याने बंधनकारकच आहे, ती मिळते का हे कामगार खात्याने तपासावे, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात गेलेल्यांसाठी एसटी सोडावी, तारीख ठरवताना पालघर-नंदुरबारचा हंगाम पाहावा. यातल्या एकालाही घटनादुरुस्ती लागत नाही.